सोलापुरात नोकरदारांच्या वसाहतीत राहायचं तर… जुळे सोलापूर आणि विजापूर रोडबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बदलीची ऑर्डर हातात पडली की माणूस आधी ओळखीतल्या कुणाला तरी फोन लावतो. आमच्या घरी असे फोन वर्षभर येतात, मे-जूनमध्ये जरा जास्त. बँकेतले, जिल्हा परिषदेचे शिक्षक, तहसील कचेरीतले, एनटीपीसीत नव्याने लागलेले इंजिनिअर, शिवाय गावाकडचं घर बंद करून शहरात येऊ पाहणारे निवृत्त आईवडील. बहुतेकांचे प्रश्न तेच असतात. म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवते आहे.

नोकरदारांची वसाहत म्हणजे नेमका कुठला भाग?

विजापूर रोडवर आयटीआयपासून सैफुलपर्यंत, आसरा चौकातून होटगी रोडकडे, मजरेवाडी, आणि जुळे सोलापूरचे दोन्ही भाग. मजरेवाडी, कुमठे, सोरेगाव ही १९९२ पर्यंत शहराबाहेरची गावं होती. त्या वर्षीच्या हद्दवाढीत ती महापालिकेत आली, म्हणून जुनी माणसं अजूनही या बाजूला 'हद्दवाढ भाग' म्हणतात.

सोलापूरचा पूर्व भाग पाहिला असेल तर फरक लगेच कळेल. तिकडे साखर पेठ, अशोक चौक, कन्ना चौकाच्या बाजूला काम आणि घर एकमेकांना लागून असतं. खाली माग खडखडतात, वर माणसं राहतात, नाहीतर उंबऱ्यातच विडीचं सूप मांडीवर घेऊन बाई बसलेली असते. आमच्याकडे घर इथे आणि पोट दुसरीकडे. सकाळी सव्वानऊ ते साडेदहा गल्लीतून गाड्या बाहेर पडतात आणि संध्याकाळी सहानंतर एकेक करून परततात. पहिल्या पिढीने कर्ज काढून बांधलेली बैठी घरं आता दोन मजली झाली आहेत, दारातली कडुलिंबाची झाडं वीजतारांना लागली आहेत, आणि ज्यांनी ती लावली ते आता आजोबा आहेत. वस्ती मुरलेली आहे.

मग दिवसभर तिथे असतं कोण?

कुणी विचारलं नाही तरी या प्रश्नाचं उत्तर मी देतेच. घर बघायला येणारे फरशी बघतात, मॉड्युलर किचन बघतात, पार्किंग बघतात. माझ्या मते आधी हे बघा की सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच या वेळात त्या गल्लीत कोण आहे.

आमच्या गल्लीत कोपऱ्यावरचे किराणा दुकानवाले आण्णा आहेत, पोस्टातून निवृत्त झालेले एक काका आहेत, समोरच्या अक्का आहेत, इस्त्रीची गाडी लावणारं जोडपं आहे. मोहोळकडच्या गावांतून भाजी घेऊन येणाऱ्या मावशी आहेत, त्या अकराच्या सुमाराला येतात. आमच्यासारख्या दिवसभर बाहेर राहणाऱ्यांचं घर यांच्या जिवावर चालतं. कुरिअर तेच घेतात, शाळेतून लवकर सुटलेलं पोर त्यांच्याच ओट्यावर बसतं, पाणी आलं तर नळी तेच लावतात. दुपारी भुरक्या रंगाची अनोळखी गाडी दोनदा फिरली तर संध्याकाळी आपल्याला सांगणारेही तेच. अशी चार माणसं नसलेली गल्ली कितीही चकचकीत असली तरी दोघेही नोकरीला जाणाऱ्या कुटुंबाला तिथे जड जातं.

म्हणून घर बघायला रविवारी येऊ नका. एखादी रजा टाकून मधल्या वारी, भर दुपारी या. दुकानात जाऊन पाण्याची बाटली घ्या आणि पाच मिनिटं बोला. सोलापूरचा दुकानदार पाच मिनिटांत सगळी गल्ली सांगतो.

पाण्याचं काय? रोज येतं का?

नाही. काही दिवसांआड येतं. किती दिवसांआड, हे भागावर, मोसमावर आणि कुठे जलवाहिनी फुटली आहे यावर ठरतं. ज्या गल्लीत घर बघताय, तिथल्याच माणसाला विचारा, कारण दोन रस्ते पलीकडचा पाण्याचा दिवस वेगळा असतो.

शहराला पाणी तीन बाजूंनी मिळतं. एक, उजनी धरणातून शंभरहून अधिक किलोमीटर लांबीच्या थेट जलवाहिनीने पाकणीच्या जलशुद्धीकरण केंद्रात. दुसरं, उजनीतून भीमा नदीत सोडलेलं पाणी औज बंधाऱ्यात अडवून, टाकळीला उचलून सोरेगावच्या केंद्रात. तिसरं, हिप्परग्याचा एकरुख तलाव. त्यामुळे उजनी भरलेलं असूनही नळ कोरडा, असं होऊ शकतं. पाणी धरणात असणं वेगळं आणि गल्लीत येणं वेगळं. उजनीहून समांतर जलवाहिनीचं काम झाल्यापासून लोकांची आशा वाढली आहे. तरी घर घेताना आशेवर घेऊ नका, हौदावर घ्या.

हौदाचा हिशेब सोपा आहे. शहरी पाणीपुरवठ्याच्या सरकारी निकषात माणशी रोज १३५ लिटर धरतात. चार माणसांचे ५४० झाले, पाच दिवसांचे २,७०० लिटर. त्यात उन्हाळ्यातला कूलर, पाहुणे आणि एखादा हुकलेला दिवस धरला तर जमिनीखाली पाच हजार लिटरचा हौद आणि गच्चीवर हजाराची टाकी हवीच. भाड्याच्या घरात हौद किती जणांत वाटलेला आहे, तेही विचारा. चार बिऱ्हाडांत एक हौद असेल तर भांडण ठरलेलं.

पाण्याचा दिवस कसा असतो तेही सांगते. चावीवाला लांब लोखंडी पाना घेऊन मोटारसायकलवर येतो, चौकातल्या चेंबरचं झाकण उचलतो आणि पाना फिरवतो. आधी नळातून नुसती हवा फुसफुसते. मग तांबूस पाण्याची चूळ येते, ती कडीपत्त्याला नाहीतर जास्वंदीला द्यायची. मग धार स्वच्छ होते आणि सगळी गल्ली एकदम जागी होते. कुणी नळी ओढतं, कुणी पिण्याचं पाणी कळशीत गाळून घेतं, कुणी "अहो वैनी, तुमचा हौद वाहतोय!" म्हणून ओरडतं. थेट नळाला मोटार लावणारेही असतात. मोटारीने ओढलं की गल्लीच्या शेवटच्या घरांना थेंब मिळत नाही. हे करू नका. हौदात पाणी आपोआप पडू द्या, मग हौदातून वर चढवा. ज्या घरात नळ रस्त्यापेक्षा खालच्या पातळीवर घेतला आहे, तिथे मोटारीशिवाय हौद भरतो. घर बघताना ही एक गोष्ट वाकून बघा.

बोअर असेल तर उत्तम, पण ते पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. भांडी-फरशीला चालतं, डाळ शिजत नाही आणि गिझरचं कॉइल पांढरं पडतं.

अप-डाऊन कसं जमतं? कुठे कुठे जातात लोक?

इथल्या निम्म्या घरांचं घड्याळ एसटीवर नाहीतर रेल्वेवर लावलेलं आहे. मंद्रूप विजापूर रोडवरच आहे, त्यामुळे सैफुल-सोरेगावकडे राहणाऱ्यांना ते सोयीचं. अक्कलकोट, मोहोळ, तुळजापूर या तिन्ही ठिकाणी रोज जाऊन-येऊन नोकरी करणारे भरपूर आहेत. अंतरं पस्तीस ते पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास. मंगळवेढा, पंढरपूर, बार्शी हे अप-डाऊनला लांब पडतं. करणारे करतात, पण पाठीचं आणि झोपेचं मोल देऊन. माझं मत विचाराल तर साठ किलोमीटरच्या पुढे रोजचं अप-डाऊन दोन-तीन वर्षांपेक्षा जास्त ओढू नये.

पासाचा हिशेब बऱ्याच जणांना माहीत नसतो. एसटीच्या मासिक पासाला वीस दिवसांचं भाडं भरून तीस दिवस प्रवास करता येतो. महिन्याला चोवीस-पंचवीस दिवस जाणाऱ्या पुरुषाला तो परवडतो. बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. पंचवीस दिवसांचं अर्धं तिकीट म्हणजे साडेबारा दिवसांचं भाडं, म्हणजे पासापेक्षा रोज तिकीट काढलेलं स्वस्त. आमच्या एसटीतल्या शिक्षिकांनी हा हिशेब पहिल्याच आठवड्यात मांडला होता.

मीही काही वर्षं मोहोळला गेले आहे. एसटीतली माणसं दुसरं बिऱ्हाडच होतात. ठरलेल्या जागा, ठरलेले डबे, कुणाच्या मुलीचं स्थळ, कुणाची जीपीएफची फाइल, सगळं तिथे चालतं. जो आज आला नाही त्याच्या घरी दुपारपर्यंत फोन जातो. डब्यात कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही असलेली बाई त्या दिवशी सगळ्यांची लाडकी.

पावसाळ्यात मात्र रस्त्याची बातमी घेऊनच निघा. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला पूर आला तेव्हा लांबोटीजवळ पुणे महामार्ग आणि वडकबाळजवळ विजापूर महामार्ग बंद झाला होता. मोहोळचे इकडे अडकले, इकडचे मंद्रूपला. तेव्हापासून दुसऱ्या गावी एका ओळखीच्या घरी दोन कपडे ठेवावेत, असं मी सगळ्यांना सांगते.

शहरातल्या शहरात जायला दुचाकी लागतेच. महापालिकेची बससेवा पूर्वीसारखी राहिली नाही. शेअर रिक्षा आसऱ्याहून सात रस्ता, स्टेशन, पार्क चौकाकडे सहज मिळतात, पण आतल्या गल्ल्यांपर्यंत त्या येत नाहीत. पायी दहा मिनिटं धरा.

नवरा पुण्याला, बायको-मुलं सोलापुरात. हे जमतं का?

असंख्य घरं तशीच चालली आहेत. पुणे अडीचशे किलोमीटर आहे, रोजचं शक्य नाही, आठवड्याचं शक्य आहे. हुतात्मा एक्सप्रेस सकाळी साडेसहाच्या सुमारास सोलापूरहून सुटते, चार तासांत पुणं, आणि संध्याकाळी तिकडून निघून रात्री दहापर्यंत परत. १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेल्या मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चार हुतात्म्यांचं नाव तिला आहे. नव्याने येणाऱ्याने एवढं माहीत करून घ्यावं, कारण इथे ती नुसती गाडी नाही. मुंबईसाठी रात्रीची सिद्धेश्वर आहे, आणि फेब्रुवारी २०२३ पासून सकाळची वंदे भारत.

शनिवारी सकाळी गल्लीत बॅगा दिसतात आणि रविवारी संध्याकाळी त्याच बॅगा परत निघतात. त्या दीड दिवसात सगळं करायचं असतं: गॅस, लाइट बिल, आईचं औषध, मुलांचा गृहपाठ, सासुरवाडी. ज्यांचं असं चाललंय त्यांना एकच सांगते, शनिवारी दुपारचं जेवण सगळ्यांनी एकत्र बसून करा आणि त्या वेळी कुणाला घरी बोलावू नका.

आईवडील मागे एकटे राहतात, मुलं पुणे-हैदराबादला, अशीही घरं वाढत चालली आहेत. त्यांच्यासाठी पहिल्या मजल्यापेक्षा तळमजला घ्या आणि शेजारच्या एका घरात किल्ली द्या. मुलांनी शेजाऱ्यांचा नंबर आपल्या फोनमध्ये ठेवावा आणि सणासुदीला त्यांना आपणहून फोन करावा. गरज पडल्यावर पहिल्यांदा फोन करणाऱ्याला शेजारी नाही म्हणत नाहीत, पण आधीची ओळख असली की रात्री दोन वाजता बेल वाजवायला संकोच वाटत नाही.

घर विकत घेताना कागदपत्रांत काय बघायचं?

हद्दवाढ भागात घेताय, म्हणजे आधी गुंठेवारी समजून घ्या. शेतजमिनीचे एक-दोन गुंठ्यांचे तुकडे करून, बिगरशेती न करता विकलेले प्लॉट इथे पुष्कळ आहेत. काहींचे व्यवहार तर नुसत्या बाँडपेपरवर झालेले. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने असे प्लॉट नियमित करता येतात, आणि २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतचे व्यवहार त्यात घेतले. प्लॉट नियमित झालेला नसेल तर बांधकाम परवाना अडतो, बँक कर्जाला मागेपुढे करते.

मालक "इथे सगळ्यांचं असंच आहे" म्हणाला तर ते खरं असेल, पण सगळ्यांचं कर्ज तुम्ही फेडणार नाही. सातबारा किंवा सिटी सर्व्हेचा उतारा, बिगरशेतीचा आदेश, मंजूर लेआउट, बांधकाम परवाना, वापर परवाना, मिळकत कराची चालू पावती, एवढं हातात घेऊन वकिलाकडे जा. मोजणी करून घ्या. आणि काळी माती खोल असेल तर पाया कसा घेतला आहे ते विचारा. उन्हाळ्यात जमीन भेगाळते, पावसात फुगते, आणि कंपाऊंडची भिंत आधी चिरते.

उन्हाळा सोसेल का?

एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ च्या घरात जातो. पश्चिमेची खोली झोपायची ठेवू नका. गच्चीला पांढरा रंग किंवा चुना द्या, फरक हाताला कळतो. दुपारी बारा ते चार रस्ते ओस असतात. त्या वेळी कुणाच्या घरी जायचं नाही, हा इथला अलिखित शिष्टाचार आहे.

पण याच उन्हावर आमचं वर्ष उभं असतं. मार्च-एप्रिलमध्ये वर्षाची ज्वारी भरतात. मंगळवेढ्याच्या मालदांडीला भौगोलिक मानांकन आहे, ती मिळाली तर घ्याच. गच्चीवर जुन्या सोलापुरी चादरी पसरून ज्वारीला ऊन दाखवायचं, कडुलिंबाचा पाला घालून पिंपात भरायची. त्याच आठवड्यांत कुरडया, पापड, सांडगे. आठवडाभर बाहेर असणाऱ्या बायकांचं हे काम रविवारी पहाटे एकमेकींच्या गच्चीवर होतं, आणि नव्याने आलेल्या बाईची गल्लीशी खरी ओळख तिथेच होते. चीक हाटायला हात लावा, पुढची ओळख आपोआप होईल.

घर भाड्याने देताना जात-धर्म विचारतात का?

विचारतात. सरळ विचारत नाहीत, आडनाव विचारतात, "खाणं काय असतं?" विचारतात. मी हे झाकणार नाही. जिथे बेदर आणि ब्राह्मण, पद्मशाली आणि लिंगायत, मुसलमान आणि मराठा पिढ्यान्पिढ्या एकाच बाजारात उठतबसत आले, तिथे नव्या वसाहतींनी ही दारं लावून घ्यावीत, हे मला लाजिरवाणं वाटतं. सगळे मालक असे नाहीत. एजंटामार्फत नकार आला तर त्याच गल्लीतल्या दुकानदाराकडून शब्द टाकून बघा. तोंडओळखीने बरीच दारं उघडतात. आणि ज्यांचं स्वतःचं घर आहे त्यांनी आपला भाडेकरू पगार आणि वागणूक बघून निवडावा.

मराठी येते, पण तेलुगू-कन्नड येत नाही. अडेल का?

अजिबात नाही. दुकानदार गिऱ्हाईक बघून भाषा बदलतो, तुम्ही मराठी बोला. चार शब्द शिकलात तर भाजी जरा ताजी मिळेल. "काय बे" ऐकून दचकू नका. तो राग नसतो, जवळीक असते. मोठ्यांना मात्र तसं म्हणू नका.

सणावारी रस्ते बंद असतात म्हणतात?

मकर संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वर यात्रा असते. सात नंदीध्वजांची मिरवणूक, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, होम मैदानावरचा गड्डा, म्हणजे यात्रेची जत्रा. त्या दिवसांत जुन्या शहरातून गाडी काढायचा विचार करू नका; पार्क चौकाच्या अलीकडेच लावा आणि चालत जा. कोजागरीला लोक रात्रभर तुळजापूरला चालत जातात, तेव्हा तो रस्ता वाहनांना बंद असतो. त्या दिवशी तुळजापूरचं अप-डाऊन असेल तर रजा टाका आणि जमलं तर चालायलाच जा. यात्रेच्या दिवसांत एरवी पुण्यात असलेली सगळी मुलं घरी येतात, पांढऱ्या बाराबंदीत पोरं ओळखू येत नाहीत.

विमानतळाचा त्रास होतो का?

होटगी रोडवरून २०२५ मध्ये आधी गोव्याची आणि मग मुंबईची सेवा सुरू झाली. आवाजाचा त्रास म्हणण्याइतकी विमानं नाहीत. मात्र त्या बाजूला इमारतीच्या उंचीला मर्यादा आहे, वरचा मजला चढवायचा विचार असेल तर आधी चौकशी करा.

फिरायला, व्यायामाला जागा आहे का?

संभाजी तलाव आहे, जुने लोक कंबर तलाव म्हणतात. पहाटे पाचपासून चालणारे असतात. विजापूर रोडवरच सिद्धेश्वर वनविहार आहे, तिथे झाडी चांगली आहे.

राहायला आल्यावर पहिल्या आठवड्यात काय करायचं?

पाण्याचा वार आणि वेळ कॅलेंडरवर लिहा. हौद एकदा रिकामा करून धुऊन घ्या आणि बॉल कॉक चालतो का बघा. भाडेकरार नोंदवून पोलीस ठाण्यात माहिती द्या. दोन्ही बाजूंच्या आणि समोरच्या घरी जाऊन नाव सांगा, दुपारी घरी कोण असतं ते विचारा, आणि एका घरी किल्ली ठेवा. कुलूप दिसलं की दुपारीही घरफोडी होऊ शकते, म्हणून बाहेरून लोंबणारं कुलूप लावण्यापेक्षा दाराचं लॅच वापरा. दूधवाल्याला गावाला जाण्याआधी सांगत जा, दारात साठलेल्या पिशव्या घर बंद असल्याचं लांबून सांगतात. गॅसचा पत्ता बदलून घ्या, त्याला वेळ लागतो.